पळून जाणे

‘पळणे’ या क्रियापदाविषयी आपल्या भाषेचे मत मोठेसे चांगले नाही. रणांगणावरून पळतो तो भ्याड, कर्ज बुडवून पळतो तो लबाड, आणि घरातून जी मुलगी पळून जाते तिला कोणते विशेषण लागते हे चारचौघांत उच्चारण्याची सोय नाही. दुसऱ्या बाजीरावाने आयुष्यात इतरही पुष्कळ गोष्टी केल्या असतील. परंतु ‘पळपुटा’ ही उपाधी त्याच्या नावाला जी चिकटली ती आजतागायत सुटलेली नाही. याच्या उलट १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्याच्या कैदेतून बाहेर पडले, तेव्हा ‘ते पळाले’ असे म्हणण्यास कोणाही मराठी माणसाची जीभ वळणार नाही. आपण ‘आग्र्याहून सुटका’ म्हणतो. १९१० साली सावरकरांनी मार्सेयच्या बंदरात बोटीतून समुद्रात झेप घेतली, तिला आपण ‘उडी’ म्हणतो. पहाऱ्यावरच्या लोकांनी या दोन्ही प्रसंगांना काय म्हटले असेल ते सांगावयास नको. क्रिया एकच, पण निसटणारा आपला की परका, एवढ्यावर भाषा आपले क्रियापद बदलते.

हा विचार मला सुचला तो काही मोठ्या चिंतनातून नव्हे, तर वर्गातल्या एका अगदी क्षुल्लक प्रसंगातून. मी इंग्रजीचा अध्यापक. गेली सुमारे तीस वर्षे हेच करीत आलो आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांना भाषांतराचा अभ्यास म्हणून जुन्या इंग्रजी गद्याचे उतारे देण्याची माझी पद्धत आहे, आणि कथाकादंबऱ्यांतील उताऱ्यांची तयार भाषांतरे बाजारात मिळत असल्यामुळे मी हल्ली जुनी पत्रे, जाहिराती, सरकारी सूचना असले उतारे निवडतो. अशा हेतूनेच एकदा मी १७९६ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाच्या वृत्तपत्रात आलेली एक जाहिरात त्यांच्यापुढे ठेवली. जाहिरात देणारा फ्रेडरिक किट नावाचा गृहस्थ अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घराचा कारभारी होता. मजकूर थोडक्यात असा : अध्यक्षांच्या घरातून ओनी जज नावाची, उजळ वर्णाची, चेहऱ्यावर पुष्कळ वांग असलेली, अतिशय काळ्या डोळ्यांची आणि दाट काळ्या केसांची, मध्यम उंचीची, सडपातळ व नाजूक बांध्याची, अंदाजे २० वर्षांची मुलगी नाहीशी झाली आहे. तिच्यापाशी चांगल्या कपड्यांचे अनेक जोड आहेत. ती जाईल असा कोणाला संशय नव्हता व जाण्यासारखे काही कारणही घडलेले नव्हते. ती जलमार्गाने जाण्याचा प्रयत्न करील, तरी सर्व गलबतांच्या कप्तानांनी सावध राहावे. ती स्वतंत्र स्त्री म्हणून मिरवण्याचाही संभव आहे. शहरात किंवा बंदरातील गलबतावर सापडल्यास आणून देणाराला १० डॉलर बक्षीस. लांबून आणल्यास आणखी वाजवी रक्कम.

गंमत अशी, की या सबंध मजकुरात ‘गुलाम’ हा शब्द कोठेही नाही. त्यामुळे निम्म्याअधिक मुलांची समजूत झाली की कोणी मोलकरीण मालकिणीचे कपडे घेऊन पसार झाली, आणि त्यांनी तसेच भाषांतर केले. ‘मोलकरीण’ या शब्दाला मी वर्गात बरेच हसलो. मोल घेऊन काम करते ती मोलकरीण. ओनाला मोल मिळत नव्हते. तिचेच मोल होऊ शकत होते. जाहिरातीतील पहिल्या क्रियापदासाठी वर्गाने ‘फरार झाली’, ‘पसार झाली’, ‘पळून गेली’, ‘पोबारा केला’ असे नाना शब्द योजले. एका मुलीने मात्र ‘निघून गेली’ असे लिहिले होते. मी त्यावर लाल शाईने रेघ ओढली आणि समासात लिहिले : ‘निघून जाणे हे पाहुण्याचे किंवा घरच्या माणसाचे. येथे अर्थ तसा नाही.’ दोन गुणही कापले.

त्यानंतर काही दिवसांनी ओना जजविषयी जे काही वाचता येईल ते मी वाचून काढले. आपल्याकडे वॉशिंग्टनचे नाव अत्यंत आदराने घेतले जाते, आणि माझ्या पिढीच्या मनातही चेरीच्या झाडाच्या त्या बनावट गोष्टीसकट ते तसेच बसलेले आहे. म्हणून हे वाचन मला सुखाचे झाले नाही.

ओनाचा जन्म व्हर्जिनियात माउंट व्हर्नन येथे, वॉशिंग्टनच्या इस्टेटीवर १७७३-७४ च्या सुमारास झाला. आई बेटी ही शिवणकाम करणारी गुलाम. बाप अँड्रू जज हा इंग्लंडहून करारावर आलेला गोरा शिंपी. बापाचा करार संपला आणि तो आपल्या वाटेने गेला. मुलीला मात्र कायद्याने आईची स्थिती मिळाली. आईकडून ती शिवणकाम शिकली, आणि लहानपणीच मार्था वॉशिंग्टनच्या खास सेवेत तिची नेमणूक झाली. अध्यक्षांचे बिऱ्हाड फिलाडेल्फियास आले तेव्हा तीही आली. पण पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणे, बाहेरच्या मालकाचा गुलाम त्या राज्यात सलग सहा महिने राहिला तर त्याला स्वातंत्र्य मागता येत असे. यावर अध्यक्षांनी काढलेली तोड अशी : सहा महिने भरण्यापूर्वी या लोकांना राज्याच्या सीमेबाहेर नेऊन आणावयाचे, की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. एवढेच नव्हे, तर हे अशा काही निमित्ताने घडवावे की त्याचा खरा हेतू ना त्या लोकांना कळावा ना जनतेला, अशा अर्थाचे पत्र त्यांनी १७९१ साली आपल्या चिटणिसाला लिहिले. ज्याने खोटे न बोलल्याची गोष्ट आम्ही घोकली, त्याच्या हातचे हे पत्र.

१७९६ मध्ये अध्यक्षपदाची मुदत संपत आली होती आणि सर्वांनी व्हर्जिनियास परतावयाचे ठरले होते. शिवाय मार्थाच्या नातीचे नुकतेच लग्न झाले होते, आणि ओनाला पुढे तिच्या हवाली करण्याचा बेत ओनाच्या कानावर आला. एकदा व्हर्जिनियात पाऊल पडले की मग सुटण्याची आशा नाही, हे तिने ओळखले. पन्नास वर्षांनंतर तिने स्वतः जे सांगितले ते मला सर्वांत मार्मिक वाटते : घरचे लोक व्हर्जिनियास जाण्यासाठी सामान बांधीत होते, आणि तीही आपले सामान बांधीत होती, कोठे जावयाचे ते मात्र तिला ठाऊक नव्हते. शहरातील स्वतंत्र काळ्या लोकांत तिचे स्नेही होते. त्यांच्याकडे तिने आपले सामान आधीच पोचते केले. २१ मे रोजी मंडळी भोजनास बसली असताना ती घराबाहेर पडली. त्यानंतर ‘नॅन्सी’ नावाच्या गलबतातून ती उत्तरेस न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथ बंदरात उतरली. गलबताच्या कप्तानाचे नाव जॉन बोल्स. ते तिने त्याच्या हयातीत कोणालाही सांगितले नाही, कारण सांगितले असते तर त्याला शिक्षा झाली असती. १७९३ साली फरारी गुलामांना पकडण्याचा जो कायदा झाला, त्यावर सही वॉशिंग्टनचीच होती.

पोर्ट्समथला रस्त्यात तिला एका सिनेटरच्या मुलीने ओळखले. ही मुलगी वॉशिंग्टन कुटुंबाच्या परिचयातली. बातमी अध्यक्षांपर्यंत गेली. त्यांनी खजिन्याच्या मंत्र्याला लिहिले, मंत्र्याने पोर्ट्समथचा जकात अधिकारी जोसेफ व्हिपल याला लिहिले. राष्ट्राचा अध्यक्ष आपल्या बायकोची दासी परत मिळवण्यासाठी राष्ट्राचे जकातखाते राबवतो, हे आपल्याकडील वाचकांस फारसे अपरिचित वाटणार नाही. त्या पत्रातील दोन गोष्टी मला विशेष लागल्या. एक ही, की अध्यक्षांच्या मते तिला कोणा फ्रेंच माणसाने भुलवून नेले होते. म्हणजे ती गेली नाही; तिला नेली. बाई आपल्या मनाने जाते हे मालकाला पटणेच शक्य नव्हते, त्यामुळे एक पुरुष कल्पावा लागला. दुसरी ही, की तिला आपण नोकरापेक्षा घरच्या मुलीसारखे वाढवले, आणि तिने असा कृतघ्नपणा करावा! ‘घरच्या मुलीसारखे’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. त्याचे कारण पुढे सांगतो.

व्हिपल हा सज्जन माणूस असावा. त्याने नोकरी देण्याच्या मिषाने ओनाला बोलावले आणि बोलता बोलता खरी हकीकत काढली. फ्रेंच माणूस वगैरे कोणी नव्हता. पूर्ण स्वातंत्र्याची तहान हेच एकमेव कारण होते, असे त्याने कळवले. अध्यक्ष व त्यांची पत्नी यांच्या पश्चात मला स्वातंत्र्य मिळेल असे वचन द्या, मी परत येऊन ते असेपर्यंत निष्ठेने सेवा करीन, असेही ती म्हणाल्याचे त्याने लिहिले. वॉशिंग्टनने याला साफ नकार दिला. अशी तडजोड केली तर बेइमानीला बक्षीस दिल्यासारखे होईल, आणि जे निष्ठेने राहिले आहेत त्यांच्यावर तो अन्याय होईल, असे त्याचे म्हणणे. तर्कशास्त्राच्या दृष्टीने या वाक्यात खोट काढणे कठीण आहे. न्यायाची ही बारीक मोजणी कोणत्या मोठ्या अन्यायाच्या पोटात बसून चालली आहे, हे मात्र त्या तर्काला दिसत नाही.

१७९९ साली मार्थाचा भाचा पोर्ट्समथला गेला, तो पुन्हा तोच हेतू धरून. तोवर ओनाने जॅक स्टेन्स नावाच्या खलाशाशी लग्न केले होते, आणि पदरी लहान मूल होते. भाचा ज्यांच्या घरी उतरला ते सिनेटर जॉन लँग्डन. भोजनाच्या वेळी त्याने आपला बेत यजमानांना सांगितला, आणि यजमानांनी ओनाकडे गुपचूप निरोप पाठवला. नवरा समुद्रावर होता. मूल घेऊन ती जवळच्या ग्रीनलँड गावी एका काळ्या कुटुंबाच्या आश्रयास गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वॉशिंग्टन वारला, आणि शोध थांबला.

या जाहिरातींच्या नादाने मी आणखीही काही वाचले. त्यांपैकी एकीने मला अधिक अस्वस्थ केले, कारण तिच्याखाली टॉमस जेफर्सनची सही होती. स्वातंत्र्याचा जाहीरनामा मी कित्येक वर्षे वर्गात शिकवला आहे, आणि सर्व माणसे समान आहेत या वाक्याशी येताच माझा आवाज नकळत चढतो, असे माझे विद्यार्थी मला सांगतात. त्या जाहीरनाम्याच्या सात वर्षे आधी, १७६९ च्या सप्टेंबरात, त्याच लेखणीने व्हर्जिनियाच्या वृत्तपत्रात सँडी नावाच्या गुलामाची जाहिरात दिली : वय सुमारे ३५, बुटका, स्थूलतेकडे झुकणारा, जोडे शिवतो आणि त्या कामात मुख्यतः डावा हात वापरतो, थोडेबहुत सुतारकामही जाणतो, दारूचा भोक्ता, शिवराळ, धूर्त, जाताना पांढरा घोडा आणि जोडे शिवण्याची हत्यारे घेऊन गेला. सँडी पकडला गेला, आणि १७७३ साली जेफर्सनने त्याला १०० पौंडांस विकून टाकले. याहून अधिक काही सांगण्यासारखे त्याच्याविषयी उरलेले नाही. पण त्या चार ओळींत तो माणूस किती स्पष्ट दिसतो! मालकाने लिहिले ते त्याला पकडता यावे म्हणून. आणि त्यामुळेच त्याचा डावा हात, त्याची शिवी, त्याची हत्यारे हे सर्व अडीचशे वर्षे टिकले. जो आपली हत्यारे बरोबर नेतो तो भीतीने पळत नसतो. त्याला उद्या कोठेतरी दुकान मांडावयाचे असते.

आता ‘घरच्या मुलीसारखे’.

१९७९ साली मी अकरा वर्षांचा होतो. आमचे घर एका तालुक्याच्या गावी. आमच्या मळ्यावरच्या सालगड्याने आजोबांकडून उचल घेतली होती, आणि ती फिटेपर्यंत त्याची तेरा-चौदा वर्षांची मुलगी आमच्याकडे भांडी, धुणे, पाणी भरणे असल्या कामांना ठेवलेली होती. वेठबिगारीची पद्धत १९७६ सालीच कायद्याने बंद झाली होती. पण आमच्या घरात या व्यवहाराला तसले नाव कोणी देत नसे. माझ्या आत्याचे आणि तिचे नाव एकच होते. घरात घोटाळा नको म्हणून आजीने तिला दुसरे नाव दिले, आणि आम्ही सर्व तिला त्याच नावाने हाक मारीत असू. पितृपक्षातल्या एका दुपारी पान वाढलेले असताना ती घरात नाही असे लक्षात आले. आजी म्हणाली, “काय कमी होते हो तिला इथे? घरच्या मुलीसारखी वागवली.” आजी दुष्ट नव्हती. हे ती मनापासून म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणीही आले.

माझे अक्षर घरात सर्वांत चांगले. आजोबांनी मला बसवले आणि तिचे वर्णन लिहावयास सांगितले, म्हणजे ते एस.टी.च्या स्टँडवर, नाक्यावरच्या हॉटेलात आणि दोन ओळखीच्या गावी देता येईल. मी चार प्रती काढल्या. रंग सावळा, अंगात हिरवे परकर-पोलके, केस तांबूस, बोलताना किंचित अडखळते, उजव्या भुवईवर व्रण. व्रणाची गोष्ट आजोबांना ठाऊक नव्हती. ती मी आपण होऊन घातली. तो व्रण माझ्याच भोवऱ्याच्या आरेने झाला होता. वर्णन चांगले साधले म्हणून आजोबांनी मला चार आणे दिले. सुरुवातीचे वाक्य ‘आमच्या घरातून पळून गेली आहे’ असे होते.

आठव्या दिवशी तिचा बाप स्वतःच तिला घेऊन आला. उचल फिटली नव्हती. घरात सर्वजण ‘ती परत आली’ असे म्हणाले. तिचे मूळ नाव तेवढे आत्याच्या नावावरून मला सांगता येते. आडनाव मला कधी ठाऊकच नव्हते. पुढे दीड वर्षाने तिचे लग्न ठरले, आणि ती गेली.

महात्मा फुल्यांचे ‘गुलामगिरी’ माझ्या कपाटात पुष्कळ वर्षे आहे. १८७३ साली त्यांनी ते पुस्तक अमेरिकेतील सज्जनांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले म्हणून, अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा प्रकट केली. ती अर्पणपत्रिका मी आजवर परदेशाचा एक गौरव म्हणून वाचीत आलो होतो. कित्ता कोणाच्या पुढ्यात ठेवला आहे, इकडे माझे लक्ष गेले नव्हते. फुल्यांनी आभार मानले ते मुक्त करणाऱ्यांचे, आणि ते योग्यच. पण मुक्त करणाऱ्यांच्या कितीतरी आधी, कोणी करील याची वाट न पाहता, मुक्त होऊन गेलेली ही माणसे होती. वॉशिंग्टनचा आचारी हर्क्युलिस हाही त्यांतलाच. १७९७ साली, २२ फेब्रुवारीस, म्हणजे मालकाच्या वाढदिवशीच तो माउंट व्हर्ननहून गेला. त्यानंतर काही आठवड्यांनी पुढे फ्रान्सचा राजा झालेला लुई फिलिप तेथे पाहुणा होता. त्याच्या नोकराने आचाऱ्याच्या लहान मुलीला विचारले, की बाप आता पुन्हा दिसणार नाही याचे तुला वाईट वाटत असेल? ती म्हणाली, नाही, मला फार आनंद झाला आहे, कारण तो आता स्वतंत्र आहे. लुई फिलिपने हे आपल्या रोजनिशीत नोंदवले. सहा वर्षांच्या त्या मुलीला क्रियापद शोधावे लागले नाही.

ओना सुखात राहिली असे मात्र नाही. नवरा १८०३ साली गेला. दोन्ही मुली तिच्या डोळ्यांदेखत गेल्या. शिवण आणि मोलमजुरी यांवर गुजराण. अखेरीस तर गावच्या धर्मादायावर. अध्यक्षांच्या वाड्यात रेशीम हाताळणाऱ्या बाईच्या वाट्याला लाकूडफाट्याची ददात आली. वॉशिंग्टनने मृत्युपत्राने स्वतःचे गुलाम मुक्त केले. परंतु ओना मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतली असल्याने त्यात तिचा समावेश होऊ शकत नव्हता. कायद्याच्या दृष्टीने ती आणि तिची मुले अखेरपर्यंत त्या घराण्याची मालमत्ताच राहिली. १८४५-४६ च्या सुमारास गुलामगिरीविरोधी वृत्तपत्रांची माणसे तिला भेटावयास गेली, तेव्हा ती सत्तरी ओलांडलेली होती. निघून आल्यावर ती वाचावयास शिकली होती. त्यांनी विचारले, की तेथल्यापेक्षा येथे तुला अधिक कष्ट पडले, मग आल्याचा पश्चात्ताप होत नाही का? ती ‘नाही’ म्हणाली. आपण स्वतंत्र आहोत, आणि त्यायोगे देवाचे लेकरू झालो असा आपला भरवसा आहे, एवढेच तिने सांगितले. २५ फेब्रुवारी १८४८ रोजी ती ग्रीनलँड येथे वारली.

मध्यंतरी ती विद्यार्थिनी काही कामासाठी माझ्या खोलीत आली होती. मी तिला म्हटले, “तुमची ती भाषांतराची वही एकदा घेऊन या. त्यात एक दुरुस्ती करावयाची राहिली आहे.” ती गोंधळली. म्हणाली, “सर, परीक्षा संपली तेव्हाच ती रद्दीत घातली.”